खोक्यावर ८००० हर्ट्झ छापणं सोपं आहे

गेमिंग माऊसच्या खोक्यावर चार-पाच आकडे ठळक अक्षरांत असतात. ८००० हर्ट्झ पोलिंग (संगणक सेकंदाला किती वेळा माऊसची विचारपूस करतो), ३०,००० डीपीआय (हात इंचभर हलला की हालचालीचे किती ‘काउंट’ मोजले जातात), ९० तास बॅटरी, १ कोटी ६७ लाख रंग. हे आकडे सहसा खोटे नसतात. टेस्टिंगच्या टेबलावर, दिवे बंद करून आणि डोंगल (वायरलेस माऊसचा, संगणकात लावायचा छोटा रिसीव्हर) वीतभर अंतरावर ठेवून ते कोणीतरी मोजलेले असतात. पण माऊस घरी गेला की डोंगल संगणकाच्या पाठीमागे जातं, दिवे पूर्ण प्रकाशात नाचू लागतात, संगणक दिवसातून चार वेळा झोपतो आणि उठतो, आणि बटणं लाखो वेळा दाबली जातात. तिथेही तो आकडा टिकवणं हे फर्मवेअर (उपकरणाच्या आतच चालणारा कोड) आणि सॉफ्टवेअर टीमचं काम. बाहेरून ते ‘रंगीत दिव्यांचं अ‍ॅप बनवणं’ वाटतं. आतून ते अर्धं घड्याळजीचं आणि अर्धं प्लंबरचं आहे: काटे जुळवायचे आणि सांध्यांतली गळती शोधायची.

टीमची मांडणी जवळपास सगळीकडे सारखीच. फर्मवेअरवाले माऊसच्या आतल्या मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकासाठी, सी भाषेत लिहितात. अ‍ॅपवाले संगणकावरचं सेटिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतात. कोणीतरी कारखान्यातल्या टेस्ट स्टेशनचं बघतं. टेस्टिंगवाल्यांच्या टेबलावर नाना प्रकारचे यूएसबी हब पडलेले असतात, आणि ते हब हीच त्यांची खरी संपत्ती. सर्किटवाले शेजारी बसतात आणि ‘हे फर्मवेअरमध्ये सुधारता येईल ना?’ असं वरचेवर विचारतात. बहुतेक वेळा येतंही. बोर्ड पुन्हा बनवून यायला आठवडे लागतात, कोड बदलायला काही तास.

मिलिसेकंदाचा हिशेब

यूएसबीवर माऊस स्वतःहून काही पाठवत नाही. संगणक विचारतो ‘आहे का काही?’ आणि माऊस उत्तर देतो. त्या उत्तराला रिपोर्ट म्हणतात. फुल-स्पीड यूएसबीत हा प्रश्न फार तर दर १ मिलिसेकंदाला येतो, म्हणून तिथली मर्यादा १००० हर्ट्झ. ८००० साठी हाय-स्पीड लागतं, जिथे एका मिलिसेकंदाचे १२५ मायक्रोसेकंदांचे आठ तुकडे पडतात. ही सोय चिपमध्येच हवी. ती नंतर कोडने आणता येत नाही, आणि स्वस्तातल्या बऱ्याच चिपमध्ये ती नसते.

इथली पहिली खोच डिस्क्रिप्टरमधल्या (माऊस संगणकाला देतो त्या स्वतःच्या ओळखपत्रातल्या) ‘बीइंटरव्हल’ या एका बाइटची. किती अंतराने विचारायचं हे तो सांगतो. फुल-स्पीडवर तो थेट मिलिसेकंदांत असतो: १ म्हणजे १ मिलिसेकंद, ८ म्हणजे ८. हाय-स्पीडवर तो घातांक असतो, दर पायरीला वेळ दुप्पट: १ म्हणजे १२५ मायक्रोसेकंद, ४ म्हणजे १ मिलिसेकंद आणि ८ म्हणजे चक्क १६ मिलिसेकंद. जुन्या उत्पादनाचा डिस्क्रिप्टर उचलून नव्या चिपवर चिकटवला की १२५ हर्ट्झचा माऊस साडेबासष्ट हर्ट्झवर येतो. कोणाच्या लगेच लक्षातही येत नाही, फक्त ‘काहीतरी जड वाटतंय’ अशी कुरकुर सुरू होते.

दुसरी खोच वेळ जुळवण्याची. सेन्सर वाचणारा टायमर स्वतःच्या घड्याळावर चालतो आणि संगणकाचा प्रश्न त्याच्या घड्याळावर येतो. दोन्ही १ मिलिसेकंदाचे असले तरी घड्याळं चालवणाऱ्या क्रिस्टलमधल्या किंचित फरकाने ते हळूहळू एकमेकांवरून सरकतात. मग मधूनच एक रिपोर्ट रिकामा जातो आणि पुढच्यात दुप्पट हालचाल येते. सरासरी काढली तर सगळं ठीक दिसतं. आलेख काढला की दर काही सेकंदांनी एक दात दिसतो. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: संगणक दर फ्रेमच्या सुरुवातीला जो ‘स्टार्ट ऑफ फ्रेम’ पाठवतो त्यावर इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) घ्यायचा, आणि पुढचा प्रश्न यायच्या थोडं आधी वाचन पूर्ण होईल अशा बेताने सेन्सरला हात घालायचा.

‘थोडं आधी’ म्हणजे किती, हे सेन्सर ठरवतो. पिक्सआर्टच्या पीएमडब्ल्यू३३६० या गाजलेल्या सेन्सरमध्ये एक रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) वाचताना पत्ता पाठवल्यावर १६० मायक्रोसेकंद थांबावं लागतं. आडव्या-उभ्या हालचालीची चार रजिस्टरं एकेक करून वाचली तर नुसत्या थांबण्यातच ६४० मायक्रोसेकंद गेले. म्हणून ‘मोशन बर्स्ट’ वापरायचं: एकदा पत्ता, ३५ मायक्रोसेकंदांची वाट, आणि पुढचे सगळे बाइट सलग. याच सेन्सरला प्रत्येक पॉवर-अपनंतर त्याचं स्वतःचं छोटं फर्मवेअर एसपीआय या चिप-चिपमधल्या जोडणीवरून भरावं लागतं. तेवढं विसरलं तरी सेन्सर चालल्यासारखा वाटतो, पण ट्रॅकिंग निकृष्ट होतं. ‘पूर्ण बंद पडलं’ यापेक्षा ‘थोडं वाईट चाललं’ हा बग शोधायला दहापट अवघड.

रिपोर्टमधल्या आकड्याच्या रुंदीचंही बघावं लागतं. ३२०० डीपीआयवर हात सेकंदाला ४० इंच वेगाने फिरला तर १,२८,००० काउंट होतात, म्हणजे १००० हर्ट्झवर दर रिपोर्टला १२८. आठ बिटांच्या चिन्हांकित आकड्यात जास्तीत जास्त १२७ मावतात. वरचा एक काउंट कापला जातो किंवा, कोड निष्काळजी असेल तर, उलट्या दिशेचा होतो आणि नेमक्या झटक्याच्या क्षणी नेम दुसरीकडे जातो. म्हणून १६ बिटांची क्षेत्रं घ्यायची, आणि तरीही मर्यादेवर कापून उरलेलं पुढच्या रिपोर्टमध्ये न्यायचं.

उलट बाजूची तक्रारही ठरलेली: ‘८००० चा माऊस घेतला, चाचणीत १५००च दिसतात.’ बग नसतो. ८०० डीपीआयवर सेकंदाला दोन इंच इतक्या सावकाश हात फिरवला तर एकूण काउंटच १६०० होतात. माऊसकडे सांगण्यासारखं सेकंदातून १६०० वेळाच काहीतरी असतं, उरलेल्या वेळी तो ‘नाही’ म्हणतो. हे उत्तर मदत विभागाकडे आधीच लिहून दिलेलं बरं. शिवाय काही गेम माऊसचा प्रत्येक संदेश स्वतंत्रपणे हाताळतात. त्यांच्यावर सेकंदाला ८००० संदेश ओतले की चित्रच अडखळतं. त्यामुळे गेमनुसार पोलिंग बदलण्याची सोय अ‍ॅपमध्ये हवीच.

स्विच खोटं बोलतं

१००० वरून ८००० हर्ट्झवर गेल्याने जास्तीत जास्त ०.८७५ मिलिसेकंद वाचतो. डीबाउन्सची, म्हणजे बटणाची थरथर गाळणारी, एक ओळ ५ मिलिसेकंद खाऊन टाकते. तरी जाहिरात पोलिंगचीच होते, कारण डीबाउन्स खोक्यावर छापायला कोणाला आवडत नाही.

धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले की स्थिरावण्याआधी काही वेळा उडतात, आणि मायक्रोकंट्रोलरला एका दाबण्यात अनेक दाबणी दिसतात. सरधोपट पद्धत म्हणजे सिग्नल ५ मिलिसेकंद स्थिर राहीपर्यंत थांबायचं आणि मग कळवायचं. गेमिंगसाठी उलट करायचं: पहिल्या स्पर्शालाच ‘दाबलं’ कळवायचं आणि पुढचे काही मिलिसेकंद त्या बटणाकडे दुर्लक्ष करायचं. बटण सोडताना मात्र थांबून खात्री करायची. दाबताना उतावळं, सोडताना सावध. यात धोका असा की आता एखादा विजेचा चटका किंवा माऊस उचलून आपटल्याचा धक्काही क्लिक म्हणून जातो. त्यावर ५०-१०० मायक्रोसेकंदांच्या अंतराने दोन-तीन नमुने घेऊन मगच मान्य करणं पुरेसं होतं, आणि तेवढा उशीर कोणाला जाणवत नाही.

सर्किटवाल्यांना वेळेत गाठलं तर याहून चांगला मार्ग आहे. माऊसच्या बऱ्याच मायक्रोस्विचना तीन पाय असतात: सामाईक, दाबल्यावर जुळणारा आणि सोडल्यावर जुळणारा. तिन्ही जोडले आणि दोन पिन वाचल्या की ‘दाबलं’ हे एका पायावरून आणि ‘सोडलं’ हे दुसऱ्या पायावरून ठरवता येतं. पत्ती मध्ये कितीही थरथरली तरी ती एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकाला टेकेपर्यंत अवस्था बदलत नाही. उशीर शून्य, आणि एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होण्याचा रोगही बराच लांबणीवर पडतो. किंमत फक्त बटणामागे एका जादा पिनची. पण हे सांगण्याची वेळ आराखडा कागदावर असतानाच असते.

हॉल-इफेक्ट कीबोर्डमध्ये, म्हणजे चुंबकाने कळ ओळखणाऱ्या कीबोर्डमध्ये, स्पर्शाचा प्रश्न मिटतो आणि चुंबकाचे प्रश्न सुरू होतात. प्रत्येक कळीखाली सेन्सर, कळीत चुंबक, आणि १२ बिटांच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) ० ते ४०९५ मधला आकडा. कळीचा प्रवास साधारण ४ मिलिमीटर. पण चुंबक लांब असताना ०.१ मिलिमीटरला आकडा जेमतेम हलतो आणि जवळ आल्यावर झपाट्याने. म्हणून सरळ रेषेचं गणित चालत नाही, तक्ता लागतो, तोही प्रत्येक कळीचं वरचं आणि खालचं टोक कारखान्यात मोजून ताणलेला. खोक्यावरचं ‘०.१ मिलिमीटर’ खरं ठरतं की नाही हे वरच्या अर्ध्या मिलिमीटरमधला गोंगाट किती कमी आहे यावर अवलंबून. गोंगाट जास्त असेल तर रॅपिड ट्रिगर (कळ किंचित वर-खाली होताच दाबली-सुटली मानणारी सोय) चालू केल्यावर नुसत्या टेकलेल्या बोटाखाली कळ दाबली-सुटली करत राहते.

तापमान हा त्यातला छुपा खेळाडू. निओडायमियम चुंबकाचं बळ दर अंशाला सुमारे ०.१ टक्क्याने घटतं, आणि कळीशेजारचा दिवा अर्ध्या तासात बोर्ड चांगलाच तापवतो. त्यामुळे विश्रांतीचा आकडा फर्मवेअरने सतत हळूहळू सुधारत राहावा लागतो. पण कोणी कळीवर बोट टेकवून बसलं असेल तर तीच सुधारणा बोटाच्या वजनाला विश्रांती समजून बसते. केबल जोडताना एखादी कळ दाबलेली असली तरी तेच. नियम असा ठेवावा: सुधारणा फक्त ठरावीक पट्ट्यातच, आणि कारखान्यात मोजलेल्या मूल्यापासून अमुक टक्क्यांपलीकडे कधीच नाही.

जाता जाता: विरुद्ध दिशांच्या दोन कळांमध्ये शेवटची दाबलेली कळ जिंकेल, अशी सोय या कीबोर्डांमध्ये आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक २ या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर असल्या स्वयंचलित मदतीला बंदी घातली. तेव्हापासून अशी सोय देताना ती मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवणं, चटकन बंद करता येईल अशी कळ देणं आणि चालू असल्याचं दिव्यावर दाखवणं हे सौजन्य राहिलेलं नाही, गरज झाली आहे.

डीपीआय बदलला आणि कर्सर अडकला

सेटिंग जपून ठेवणं कंटाळवाणं वाटतं, म्हणून ते नवशिक्याकडे जातं आणि मग सगळ्यांचा आठवडा खातं.

मायक्रोकंट्रोलरची फ्लॅश मेमरी (वीज गेली तरी टिकणारी) पुसल्याशिवाय पुन्हा लिहिता येत नाही, आणि पुसायची ती पानाच्या हिशेबाने. एक पान साधारण १०,००० वेळा पुसण्याची हमी असते. डीपीआयचं बटण दाबलं की लगेच पान पुसून लिहायचं असा कोड असेल आणि खेळणारा दिवसाला ५० वेळा डीपीआय बदलत असेल, तर हमी २०० दिवसांत संपली. वॉरंटीच्या आत.

उपाय म्हणजे वहीसारखं लिहायचं. ४०९६ बाइटांच्या पानात १६ बाइटांच्या २५६ नोंदी बसतात. प्रत्येक बदल नव्या ओळीवर लिहायचा आणि पान भरल्यावरच पुसायचं. २०० दिवसांचं आयुष्य एका झटक्यात १४० वर्षांवर जातं. पानं दोन ठेवायची, म्हणजे एक पुसताना वीज गेली तरी दुसऱ्यात शेवटचं शहाणपण शिल्लक असतं. प्रत्येक नोंदीला क्रमांक आणि सीआरसी (पडताळणीचा आकडा) द्यायचा, आणि सुरू होताना शेवटची धड नोंद उचलायची. शिवाय बदल झाल्यावर लगेच न लिहिता दोन-तीन सेकंद शांतता झाल्यावरच लिहायचं. अ‍ॅपमधली प्रकाशाची पट्टी माऊसने ओढताना सेकंदाला साठ बदल येतात, ते सगळे फ्लॅशवर जायला नकोत.

एवढं करूनही एक गाठ उरते. नॉर्डिकच्या एनआरएफ५२८४० चिपवर एक पान पुसायला ८५ मिलिसेकंदांपर्यंत लागतात, आणि कोड त्याच फ्लॅशमधून चालत असल्याने तेवढा वेळ प्रोसेसर थांबतो. १००० हर्ट्झच्या माऊससाठी म्हणजे ८५ रिपोर्ट बुडाले. खेळणाऱ्याला ते ‘कधीतरी, कसलंही कारण नसताना कर्सर अडकतो’ असं दिसतं. कारण असतं: २५६ व्या नोंदीला पान भरलेलं असतं. म्हणून पुसायचं काम माऊस काही सेकंद स्थिर असताना, किंवा या चिपवर पान तुकड्यातुकड्याने पुसण्याची सोय आहे ती वापरून करायचं. टेस्टिंगमध्ये हा बग मुद्दाम पकडायचा असेल तर एका स्क्रिप्टने ३०० वेळा डीपीआय बदलायचा आणि त्याच वेळी माऊस गोल फिरणाऱ्या तबकडीवर ठेवायचा. हाताने ३०० वेळा कोणी करत नाही, म्हणूनच तो निसटतो.

अ‍ॅप आणि माऊस यांचं संभाषण

विंडोज माऊस आणि कीबोर्डची एचआयडी (अशा उपकरणांच्या संभाषणाचं प्रमाण) कलेक्शनं, म्हणजे संदेशांचे गट, स्वतःच्या ताब्यात ठेवतं, बाकीच्यांना तिथून वाचता येत नाही. म्हणून सेटिंगसाठी कंपनीचं स्वतःचं वेगळं कलेक्शन ठेवतात आणि त्यातून ६४ बाइटांची पॅकेटं ये-जा करतात. ढोबळ साचा असा: आज्ञा, क्रमांक, लांबी, मजकूर, चेकसम (पडताळणीची बेरीज). यातला ‘क्रमांक’ काटकसरीच्या नावाखाली गाळला जातो आणि नंतर त्रास देतो. ते कलेक्शन दोन प्रोग्रामनी एकाच वेळी उघडलं असेल तर माऊसचं प्रत्येक उत्तर दोघांनाही जातं. दिवे सांभाळणारं एखादं तिऱ्हाईत सॉफ्टवेअर चालू असेल तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुमचं अ‍ॅप आपलं समजून घेतं आणि बॅटरी २५५ टक्के दाखवतं. क्रमांक जुळला तरच उत्तर आपलं.

पॅकेटचा साचा फर्मवेअरवाल्यांनी सी मध्ये आणि अ‍ॅपवाल्यांनी दुसऱ्या भाषेत वेगवेगळा टाइप केला की एखाद्या बाइटची घसरण ठरलेलीच. रिपोर्ट आयडी (रिपोर्ट कोणत्या प्रकारचा हे सांगणारा आकडा) पहिल्या बाइटात धरायचा की नाही, यावरच निम्मे वाद. एकच व्याख्येची फाइल ठेवावी, दोन्ही बाजूंचा कोड तिच्यातून आपोआप निघावा, आणि फाइल बदलली की दोन्ही बाजूंचे बिल्ड चालावेत. दहा बैठकींचं काम ती फाइल करते.

मग उरतात अवस्था. डोंगल आहे पण माऊस झोपलाय. माऊस वायरने जोडलाय आणि त्याचं डोंगलही लागलेलं आहे, त्यामुळे अ‍ॅपमध्ये एकाच माऊसचे दोन दिसतात. संगणक झोपेतून उठलाय, जुनं हँडल (अ‍ॅपने उपकरण उघडलं तेव्हा मिळालेली खूण) मेलंय, आणि ‘उपकरण आलं’ हा संदेश आला तरी ते अजून उघडत नाही. तेव्हा १००, २००, ४०० मिलिसेकंद असं वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा उघडून बघायचं. या सगळ्या अवस्थांचा तक्ता भिंतीवर हवा, आणि प्रत्येक चौकटीत अ‍ॅपने काय दाखवायचं ते लिहिलेलं हवं. ‘उपकरण सापडलं नाही’ हे एकच वाक्य सगळ्या चौकटींना वापरलं तर मदत विभागाचा फोन वाजतच राहतो.

हवेतून

वायरलेसचे बरेचसे ‘बग’ टेबलाच्या मांडणीत असतात. डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं, आणि यूएसबी ३.० च्या तारांमधून त्याच पट्ट्यात गोंगाट निघतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर पेपरच काढला होता. संगणकामागे यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी डोंगल लावलं की पॅकेटं गळू लागतात. खोक्यात मिळणारी एक्स्टेंशन केबल शोभेची नसते. फर्मवेअरच्या हाती एवढंच, की पॅकेट हरवल्यास पुढच्या पॅकेटमध्ये आधीची हालचाल मिळवून पाठवायची आणि वायफायने व्यापलेल्या वारंवारता सोडून उड्या मारायच्या.

डोंगल आणि कीबोर्डमधलं संभाषण कूटबद्ध हवं, हे २०१६ मध्ये बॅस्टिल कंपनीच्या संशोधकांनी ‘माऊसजॅक’ हा दुरून खोट्या कळा घुसवण्याचा हल्ला दाखवल्यापासून वादाचं राहिलेलं नाही. बारकावा असा की अनेक डोंगलं कीबोर्डचा सांकेतिक मजकूर तपासत होती, पण माऊसच्या नावाने आलेली साधी कळ निमूटपणे पुढे पाठवत होती.

९० तासांचं गणित सोपं आहे. ५०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी ९० तास पुरवायची तर सरासरी खर्च साडेपाच मिलिअँपिअर. एक रंगीत दिवाही एवढा खातो. म्हणजे खोक्यावरचे ९० तास दिवे बंद ठेवून मोजलेले. बॅटरीचा टक्का मात्र जपून दाखवावा: लिथियम बॅटरीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं आणि दिवे लागले की खाली झुकतं. चार्जर नसताना टक्का कधीही वर जाऊ द्यायचा नाही, एवढा एक नियम निम्म्या तक्रारी थांबवतो.

दिवे

शंभर कळांचा कीबोर्ड, प्रत्येक कळीखाली डब्ल्यूएस२८१२ जातीचा दिवा, पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येकी ६० मिलिअँपिअर. बेरीज ६ अँपिअर. यूएसबी २.० देणार ५०० मिलिअँपिअर. म्हणून दिव्यांच्या दर फ्रेमला सगळ्या रंगांची बेरीज करून ती मर्यादेबाहेर गेली की संपूर्ण फ्रेम त्या प्रमाणात मंद करायची. हे केलं नाही तर साध्या हबवर व्होल्टेज कोसळतं, चिप रीसेट होते, उठल्यावर पुन्हा सगळे दिवे लावते, पुन्हा कोसळते. कीबोर्ड श्वास घेतल्यासारखा उघडझाप करत राहतो आणि ग्राहकाला तो इफेक्टच वाटतो. संगणकाने कॉन्फिगर करेपर्यंत तर १०० मिलिअँपिअरच घ्यायची मुभा असते. दिवे त्यानंतर, अर्ध्या सेकंदात हळूहळू चढवावेत. संगणक झोपला की २.५ मिलिअँपिअर. असले शंभर दिवे काळ्या रंगावरही त्याहून कितीतरी जास्त घेतात, म्हणून त्यांची वीजच तोडणारा मॉस्फेट बोर्डावर हवा.

२०२३ पासून विंडोज ११ मध्ये दिव्यांची स्वतःची सोय आली, एचआयडीच्या ‘लॅम्प अ‍ॅरे’ प्रमाणावर. आता एकाच दिव्यावर तीन मालक हक्क सांगतात: फर्मवेअर, कंपनीचं अ‍ॅप आणि विंडोज. कोण कधी सोडणार हे आधी ठरवलं नाही तर कीबोर्ड लुकलुकत बसतो.

अपडेट: सगळ्यात जास्त घाम इथे

२०० केबीचं फर्मवेअर ६४ बाइटांच्या पॅकेटमधून पाठवायचं, त्यातले आठ बाइट शिरोभागाचे. म्हणजे ३,६५८ पॅकेटं. प्रत्येकाच्या पोचेला २ मिलिसेकंद धरले तरी सात-आठ सेकंद. तेवढ्यात लॅपटॉपचं झाकण मिटतं, कोणी केबल ओढतं, बॅटरी संपते. म्हणून जागा दोन ठेवायच्या: चालू फर्मवेअर एकीकडे, नवं दुसरीकडे. सगळं आलं, सही तपासली, मगच पुढच्या वेळी नव्याकडून सुरुवात. सीआरसी मजकूर बिघडला का एवढंच सांगतो. मजकूर कोणी दिला हे सांगायला डिजिटल सहीच लागते. नव्याने सुरू होऊन संगणकाशी बोलणं जमल्यावर स्वतःला ‘ठीक’ म्हणून खूण करायची. ती खूण न होता तीनदा वॉचडॉगने (कोड अडकला की चिप पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) रीसेट केलं तर मुकाट्याने जुन्याकडे परतायचं.

दोन जागांइतकी मेमरी नसलेल्या स्वस्त चिपवर बूटलोडर (नवं फर्मवेअर भरून घेणारा छोटा कोड) वेगळ्या प्रॉडक्ट आयडीने, म्हणजे वेगळ्या ओळख-क्रमांकाने, उठतो, आणि इथे एक फसवा बग दबा धरून असतो. तो आयडी विंडोज पहिल्यांदाच पाहत असतं, त्यामुळे त्याची मांडामांड करायला काही सेकंद घेतं. अ‍ॅप पाच सेकंद वाट बघून ‘अपडेट फसलं’ म्हणतं. ग्राहक पुन्हा प्रयत्न करतो आणि या वेळी जमतं, कारण आता विंडोजला उपकरण ओळखीचं असतं. टेस्टिंगवाल्यांच्या संगणकांनी तो आयडी शेकडो वेळा पाहिलेला असतो, म्हणून त्यांना हे कधीच दिसत नाही. प्रतीक्षा ३० सेकंदांची ठेवा, आणि एक संगणक असा ठेवा ज्यावर दर चाचणीआधी कोरं विंडोज चढतं.

एकसारखे दोन माऊस जोडलेले असताना बूटलोडरमध्ये गेलेला कोणता, हे सिरियल नंबरवरूनच कळतं. बूटलोडरनेही तोच नंबर सांगायला हवा. माऊस आणि डोंगल दोघांचं अपडेट असेल तर आधी माऊस, मग डोंगल, आणि नव्या माऊसला जुन्या डोंगलशी बोलता आलंच पाहिजे. नाहीतर मधल्या पायरीवर दोघे एकमेकांना अनोळखी होतात. इन्स्टॉलरचंही भान हवं. २०२१ मध्ये एका कंपनीचा माऊस जोडला की विंडोज तिचा इन्स्टॉलर सर्वोच्च अधिकाराने चालवत असे, आणि त्यातल्या ‘फोल्डर निवडा’ खिडकीतून त्याच अधिकाराची पॉवरशेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडता येत असे.

कारखान्याची तारीख

सगळ्या वेळापत्रकाचा मालक कारखाना. ईव्हीटी, डीव्हीटी, पीव्हीटी (इंजिनिअरिंग, डिझाइन आणि प्रॉडक्शनच्या चाचण्या) अशा फेऱ्या होतात. पहिलीत बोर्ड जिवंत आहे का, दुसरीत रचना टिकते का, तिसरीत उत्पादनाची ओळ धावते का, हे बघायचं. पीव्हीटीला जे फर्मवेअर जातं ते खोक्यात बंद होतं. त्यानंतरचं सगळं ‘पहिल्या दिवसाचं अपडेट’. म्हणून गोठवण्याच्या तारखेला इतर काही अर्धवट चालेल, पण बूटलोडर आणि अपडेटची वाट निर्दोष हवी. बाकीचं त्या वाटेने नंतर जाऊ शकतं.

टेस्ट स्टेशनवर सेकंदांचा भाव असतो. एका नगामागे चाचणी १० सेकंदांनी वाढली तर १०,००० नगांना जवळपास २८ तास जादा. म्हणून फर्मवेअरमध्ये टेस्ट मोड ठेवतात: एका आज्ञेत सगळी बटणं, सेन्सरचा आयडी, रेडिओची ताकद, बॅटरीचं व्होल्टेज, सगळं एकदम परत. चाचणी संपली की तो मोड कायमचा कुलूपबंद व्हायला हवा. उघडा राहिला तर आठवडाभरात कोणीतरी शोधतं. मध्येच पुरवठादार ‘तोच’ स्विच दुसऱ्या कारखान्यातून देतो, कागदोपत्री फरक शून्य, पण थरथर दुप्पट. त्यामुळे प्रत्येक नव्या लॉटचे काही नग लॉजिक अ‍ॅनालायझर या सिग्नलचे चढउतार नोंदवणाऱ्या यंत्रावर लावून थरथर मोजायची सवय ठेवावी, आणि सरासरीपेक्षा सगळ्यात वाईट एक टक्का बघावा.

आणि काही मोजपट्ट्या माऊसच्या आतच ठेवाव्यात: शेवटच्या रीसेटचं कारण, पानं किती वेळा पुसली, २० मिलिसेकंदांच्या आतल्या दुहेरी क्लिक किती, हरवलेली पॅकेटं किती. एकूण ३२ बाइट पुरतात. परत आलेला नग उघडण्याआधी वायर जोडून एवढं वाचलं, की स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा की ग्राहकाला एक्स्टेंशन केबल पाठवायची हे ठरवता येतं.